दोन नंबरच्या फलाटावरचं ऊन

मिस्त्रीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. स्टेशनमास्तरांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, घरी बायको 'अहो' म्हणे, आणि आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. पगाराच्या कागदावर स्वतःचं नाव दिसलं की चुकून दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं त्याला वाटे.

भुयारी रेल्वेच्या त्या स्टेशनात सात सरकते जिने होते. त्यांची देखभाल हे त्याचं काम आणि ते तो एकोणीस वर्षं करत आला होता. साखळीला वंगण द्यायचं, ढिला पडलेला हाताचा पट्टा ताणायचा, पायरी जिथे जमिनीत शिरते तिथल्या लोखंडी दात्यांमधून बुटांच्या नाड्या आणि च्युइंगम उपसून काढायचं. जिन्याच्या बाजूने नुसता चालत गेला तरी त्याला कळे, कुठे दुखतंय ते. "डॉक्टर नाडी बघतात, मी कान लावतो," तो म्हणायचा. "फरक एवढाच, माझे पेशंट खोटं बोलत नाहीत."

कॅमेरा त्याच्याकडे आला तो धाकट्या भावामुळे. भाऊ लग्नासमारंभाचे फोटो काढायचा. प्रत्येकाच्या हातात फोन आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. त्या दिवशी भाऊ कॅमेऱ्याची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, तू वापर. माझ्याकडे पडून राहिला तर बुरशी धरेल, आणि विकायला मन होत नाही." मिस्त्रीने सुरुवातीला नातेवाइकांचे फोटो काढले. कुणाचं डोकं कापलं गेलं, कुणाचे डोळे मिटलेले आले. मेहुणीने तर तिचा फोटो परत मागून घेऊन फाडला. मग त्याने माणसांचा नाद सोडला.

स्टेशनच्या पश्चिम टोकाला गाडी भुयारातून बाहेर पडते. तिथे दोन नंबरच्या फलाटाचा शेवटचा भाग अर्धा उघडा आहे, आणि वरच्या भिंतीत हवेसाठी उभ्या अरुंद फटी ठेवल्या आहेत. थंडीच्या दिवसांत सूर्य कलला की चार वाजून दहा मिनिटांनी त्या फटींमधून ऊन आत येतं. फलाटावर पट्टे पडतात, पाऊण तास हळूहळू सरकतात आणि मग एकेक करून विझतात. एकोणीस वर्षांत मिस्त्री तिथून हजार वेळा गेला असेल. पण ते ऊन त्याने पाहिलं ते कॅमेरा हातात आल्यावर.

त्यानंतर त्याला वेडच लागलं म्हणा ना. चारचा चहा तो घाईने घशाखाली ओतायचा आणि फलाटावर जायचा. बाकावरून जमिनीवर उतरणारा उजेड, भिंतीला लागून मोडलेली एखाद्या बाईची सावली, जिन्याच्या पट्ट्यावर टेकलेल्या हाताची फक्त बोटांची पेरं उजळलेली, गाडी सुटताना तिच्या काचांवरून उडून छतावर पळत गेलेला उन्हाचा तुकडा. चेहरे नकोत, हा स्टेशनमास्तरांचा एकच दंडक होता. "मिस्त्री, कुणाचं थोबाड ओळखू आलं आणि तक्रार आली, तर मी तुम्हाला ओळखत नाही म्हणेन," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मिस्त्रीला ते सोयीचंच होतं. उजेडाच्या विरुद्ध उभं राहिलं की माणसाचा नुसता काळा आकार उरतो, आणि त्याला तोच हवा असे.

बायको एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून संध्याकाळी घरी आली की तिला हे फोटो बघायला लागायचे. "लोक बायकापोरांचे फोटो काढतात, आमच्याकडे फरशीचे," ती म्हणे. "उद्या मी हरवले तर पोलिसांना काय देणार, माझी सावली?"

तो दिवस मंगळवार होता. फलाटावर फारशी गर्दी नव्हती. मिस्त्री चार वाजून बारा मिनिटांनी तिथे पोचला तेव्हा शेवटच्या बाकाच्या पुढे एक माणूस उभा होता. मध्यम वयाचा, खांद्याला कापडी पिशवी, एक खांदा किंचित उतरलेला. मिस्त्रीने कॅमेरा वर केला तेव्हाच नेमकं त्या माणसाने वळून पाहिलं. फोटो बिघडला. मिस्त्री पुटपुटला आणि दुसऱ्या फोटोसाठी थांबला.

मग मात्र नशीब फळफळलं असं त्याला वाटलं. तो माणूस हललाच नाही. गाडी आली, दारं उघडली, माणसं चढली-उतरली, दारं मिटली, गाडी गेली, आणि तो तिथेच. त्याची सावली फलाटभर लांब होऊन भिंतीवर चढली होती. गाडीचे दिवे आले की ती फिकी पडायची, गाडी गेली की पुन्हा गडद व्हायची. मिस्त्रीने फोटो काढले. दुसरी गाडी आली आणि गेली. तिसरी. एवढा वेळ जागचा न हलणारा माणूस त्याला तीन हिवाळ्यांत भेटला नव्हता. नाहीतर लोकांच्या पायाला भिंगरी. चांगला पट्टा पडावा आणि मधला माणूस नेमका निघून जावा, हे रोजचंच.

फक्त एक गोष्ट मनासारखी होत नव्हती. उन्हाचा पट्टा त्या माणसाच्या पुढून, एका पावलावरून जात होता.

मिस्त्री सहसा कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "साहेब, जरा एक पाऊल पुढे येता का?"

माणसाने मान न वळवता विचारलं, "इथे?"

"हां, तिथेच. बस."

तो एक पाऊल सरकला. पाय उचलून टाकताना मिस्त्रीला दिसलं, त्याच्या डाव्या बुटाचा तळवा बोटभर जाड होता. एक पाय आखूड असलेल्या माणसांना तसा बूट करून घ्यावा लागतो. उन्हाचा पट्टा त्याच्या खांद्यावरून खाली उतरला आणि त्या काळ्या आकाराच्या कडा सोन्याच्या झाल्या.

"अजून किती वेळ?" त्या माणसाने विचारलं.

"दोनच मिनिटं," मिस्त्री म्हणाला.

चौथी गाडी आली आणि गेली. मिस्त्रीने अकरावा फोटो काढला आणि त्याला कळलं की हाच. असा फोटो आपल्या हातून पुन्हा होणार नाही. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. तीन नंबरच्या जिन्यात कुणाची चप्पल अडकली होती. मिस्त्री "आभारी आहे हं" असं म्हणून पळाला. माणसाने ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

तीन नंबरचा जिना बंद करून तो दात्यांची पट्टी उघडत होता तेव्हा खालून एक लांबलचक शिट्टी आली, ब्रेकचा आवाज आला, आणि मग सगळं स्टेशन गप्प झालं. दोन नंबरची वाहतूक थांबवल्याची घोषणा झाली. मिस्त्रीने चप्पल काढली, पट्टी परत बसवली, चारही स्क्रू आवळले. झाडूवाली बाई वर आली. तिचा चेहरा पांढराफटक होता.

"गाडीखाली गेला कुणीतरी," ती म्हणाली. "पश्चिमेच्या टोकाला. एक बूट वर राहिलाय. एवढा जाड तळवा त्याचा." तिने बोटांनी माप दाखवलं.

 मिस्त्रीने तेच चार स्क्रू पुन्हा एकदा आवळले.

संध्याकाळी पोलिसांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावून विचारलं, कुणी काही पाहिलं का. मिस्त्री म्हणाला, "मी तीन नंबरच्या जिन्यावर होतो." ते खरंच होतं. वहीत तशी नोंद होती, वेळेसकट. त्या टोकाला असलेल्या स्टेशनच्या कॅमेऱ्यात काहीच आलं नव्हतं. पश्चिमेचं ऊन थेट काचेवर पडून त्या पाऊण तासाचं चित्र पांढरंशुभ्र झालं होतं. गाडीच्या चालकाने सांगितलं, भुयारातून बाहेर पडताना डोळे दिपतात, समोर काही आहे हे कळेपर्यंत उशीर झाला होता. पोलिसांनी लिहिलं: तोल जाऊन पडला असावा.

मिस्त्रीने घरी कुणाला काही सांगितलं नाही. फोटो पुसूनही टाकले नाहीत. ते आहेत तिथे राहू दिले.

वर्ष गेलं. स्टेशनला वीस वर्षं होत होती. स्टेशनमास्तरांच्या डोक्यात कल्पना आली की वरच्या बोळातल्या भिंतीवर मिस्त्रीचे बारा फोटो मोठे करून लावायचे. "आपल्याच माणसाची कला, मिस्त्री. वरचे साहेबही खूश होतील." ते स्वतः त्याच्या शेजारी बसून फोटो निवडायला लागले. एकेक पुढे सरकवत असताना त्यांचा हात थांबला. "हा. हा मधोमध लावायचा."

तो अकरावा फोटो होता.

मिस्त्री म्हणाला, "तो नको साहेब."

"का? यात चेहरा तर दिसत नाही."

 कारण द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मिस्त्रीने पुढचा फोटो सरकवला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात तो फोटो लोकांनी बघावा असंही होतं. आयुष्यात त्याच्या हातून झालेली ती सर्वांत चांगली गोष्ट होती. याची त्याला नंतर इतकी लाज वाटली की बायकोला सगळं सांगितलं तेव्हासुद्धा एवढं एक त्याने हातचं राखून ठेवलं.

फोटो लागले. लोक थांबून बघायचे. चौथ्या आठवड्यात झाडूवाली बाई येऊन म्हणाली, "मिस्त्री, एक बाई तुमच्या त्या मधल्या फोटोसमोर उभी असते. आज तिसरा दिवस. रडत नाही, बोलत नाही. नुसती बघते."

मिस्त्री गेला नसता, पण बोळातून गेल्याशिवाय सात नंबरच्या जिन्याकडे जाता येत नाही. ती चाळिशीची, साधी बाई होती. दंडाला टाचण्यांची छोटी उशी बांधलेली, काढायची विसरली असावी. त्याच्या हातातली हत्यारं बघून तिनेच हाक मारली.

"हे फोटो काढणारे मिस्त्री कुठे भेटतील?"

"मीच."

"हा कुठल्या दिवशीचा?"

"लक्षात नाही बाई. थंडीतला आहे. ऊन तिथे रोजच येतं."

"हे माझे मिस्टर आहेत."

मिस्त्री फोटोकडे न बघता म्हणाला, "उजेडाविरुद्ध सगळीच माणसं सारखी दिसतात."

"डाव्या पायाचा बूट बघा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तो तळवा दर सहा महिन्यांनी मी बदलून आणायचे. आणि ती पिशवी मी शिवलीय." पर्समधून एक चिठ्ठी काढून तिने त्यावर पत्ता लिहिला. "मला फक्त तारीख हवीय. आठवली तर सांगा."

त्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री जेवायला बसला आणि ताटाकडे बघत राहिला. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती समोर बसून राहिली. तेव्हा त्याने सांगितलं. मग तिच्यासमोर ते अकरा फोटो एकामागून एक लावले.

तिने सगळे पाहिले. परत मागे जाऊन पाहिले. "चार गाड्या गेल्या," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मला वाटलं, बरं झालं, थांबलाय."

बायको उठली. तिने ताटं उचलली, भांडी घासली, ओटा पुसला, आणि तो कोरडा झाल्यावर पुन्हा एकदा पुसला. मिस्त्री म्हणाला, "सांगून तरी तिचं काय भलं होणार आहे? ती बिचारी समजून असेल की पाय घसरला."

"तेव्हाच सांगायला हवं होतंत," बायको पाठमोरीच म्हणाली. सकाळी डबा हातात देताना तिने पुढचं वाक्य पुरं केलं. "जा आणि सांगून या. नाहीतर रोज माझ्यासमोर असे बसाल, आणि मला ते बघवायचं नाही."

रविवारी तो अकरा फोटो पाकिटात घालून त्या पत्त्यावर गेला. तिसरा मजला. बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, दोरीला लटकवलेले कपडे बेतायचे कागदी नमुने, मधोमध कापड कापायचं लांब टेबल. ती शिवणाचे वर्ग घेत असे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. "सासूबाई आहेत," असं म्हणत तिने मधलं दार ओढून घेतलं.

मिस्त्रीने तारीख सांगितली. मग पाकीट पुढे केलं. तिने फोटो टेबलावर मांडले, काठाला काठ लावून, शिवायच्या कपड्याचे तुकडे जुळवावेत तसे. प्रत्येकाची वेळ विचारली. चार बारा. चार चौदा. चार एकोणीस. तिने बोट ठेवत गाड्या मोजल्या.

"ते कधी गाडी सोडायचे नाहीत," ती म्हणाली. "बसायला जागा असो नसो, पहिल्या गाडीत चढायचे. मी चिडायचे त्यावरून." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे कुणी न्यायचं यावरून. एवढंच. सासूबाईंनी ऐकलं होतं. पोलिसांचा कागद येईपर्यंत त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मग तोल गेला असं लिहून आलं. मी म्हटलं, त्या बुटामुळेच. त्यांनीही ते धरलं. वर्षभर आम्ही दोघी त्या बुटालाच शिव्या देतोय."

मिस्त्रीला वाटलं, आता उठावं आणि जावं. पण मग आलो कशाला? त्याने सांगितलं. एक पाऊल पुढे या म्हटल्याचं, 'इथे?' असं विचारल्याचं, दोन मिनिटांचं. शब्दाला शब्द सांगितलं.

 रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"तेव्हा कसे दिसत होते?" तिने विचारलं. "चिडलेले? रडवेले?"

"चेहरा मी पाहिला नाही बाई. मी ऊन बघत होतो."

तिने पुन्हा टेबलाकडे पाहिलं, आणि तिचं बोट पहिल्या फोटोवर गेलं. तो बिघडलेला होता. त्यात माणूस वळून बघत होता, अर्धा चेहरा उन्हात. रागावलेला नव्हता, दुःखीही म्हणता आलं नसतं. कुणीतरी हाक मारेल की काय असं वाटून वळलेला माणूस जसा दिसेल तसा तो दिसत होता.

तो एक फोटो तिने उचलला. बाकीचे दहा तिने क्रमाने गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि पाकिटात घालून त्याच्या हातात दिले. "हे घेऊन जा. हे या घरात ठेवता यायचे नाहीत." दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोलिसांनी विचारलं तेव्हाच बोलला असतात तर बरं झालं असतं. वर्षभर त्या म्हातारीला मी काहीबाही सांगत बसले नसते."

सोमवारी मिस्त्रीने स्टेशनमास्तरांना सगळं सांगितलं आणि फोटो काढून टाकायला लावला. मास्तरांनी ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "काढतो. पण मिस्त्री, हे माझ्या कानावर आलेलं नाही. समजलं?" दुपारपर्यंत त्या जागी 'जिन्यावर धावू नका' अशी पाटी लागली. कुणी विचारलंही नाही.

मिस्त्रीने कॅमेरा भावाला परत नेऊन दिला. भावाने कारण विचारलं तर म्हणाला, "डोळे दुखतात." चार वाजले की तो आता जिन्याखालच्या यंत्राच्या खड्ड्यात उतरून बसे. तिथे एकच दिवा असतो, दिवसरात्र सारखाच.

थंडी सरली. उन्हाच्या वाटा बदलल्या, फटींमधला उजेड आता फलाटापर्यंत उतरत नव्हता. एका दुपारी झाडूवाली बाई एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. "या केव्हापासून विचारतायत, फोटो काढणारा मिस्त्री कोण म्हणून. कुणी धड सांगेना."

म्हातारी सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, ताठ. तिने मिस्त्रीला नीट निरखलं. "माझा मुलगा तुझ्याशी बोलला होता ना? शेवटचं?"

मिस्त्रीने मान डोलावली.

"मला ती जागा दाखव."

तिला कसं कळलं हे त्याने विचारलं नाही. तिनेच वाटेत सांगितलं. सुनेने त्याच रविवारी संध्याकाळी तिला सगळं सांगितलं होतं. "मी तिला नको ते बोलले," म्हातारी म्हणाली. "सकाळच्या त्या भांडणाचं बोलले. महिनाभर आम्ही एका घरात मुक्यासारख्या राहिलो. मग ती मशिनं घेऊन भावाकडे गेली. तिचं काही चुकलं नाही. तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो?"

शेवटच्या बाकाच्या पुढे येऊन मिस्त्री थांबला. "इथे उभे होते. मग मी म्हटल्यावर इथे आले." त्याने स्वतः ते पाऊल टाकून दाखवलं आणि लगेच मागे सरकला.

म्हातारी खाली फरशीकडे बघत राहिली. "तू म्हटलंस आणि तो सरकला?"

"हो."

"लहानपणापासून तसाच," ती म्हणाली. "कुणी सरक म्हटलं की सरकायचा. शाळेत बाकावरून, घरात अंथरुणावरून. मला वाटायचं, गुणाचा आहे."

ती बाकावर बसली. मिस्त्रीची पाळी पाचला संपली, तरी तो तिच्या शेजारी बसून राहिला. गाड्या येत होत्या, जात होत्या. ती प्रत्येक गाडीकडे बघायची, दारं मिटली की पुन्हा समोर.  सातव्या की आठव्या गाडीनंतर ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल. घरी दिवा लावायला कुणी नाही."

येताना ती पूर्वेच्या लिफ्टने उतरली होती. आता त्या लिफ्टसमोर दुरुस्तीची पाटी होती. पश्चिमेला वर जायला फक्त एक नंबरचा सरकता जिना. म्हातारी त्याच्या तोंडाशी जाऊन थबकली. पायऱ्या जमिनीतून निघून वर जात होत्या, ती पाय पुढे करायची आणि मागे घ्यायची. मागे माणसं साचायला लागली. "आजी, चला की," कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रीने खाली वाकून झाकण उचललं आणि लाल बटण दाबलं. जिना कण्हत थांबला.

"अहो, काय चाललंय?" मागून आवाज आला. मिस्त्रीने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने म्हातारीचा हात आपल्या दंडावर घेतला. एकसष्ट पायऱ्या होत्या, आणि सरकत्या जिन्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात. ती दर आठ-दहा पायऱ्यांवर थांबून श्वास घ्यायची. लोक बाजूने कुरकुरत, धक्के देत वर जात होते. एकाने जाता जाता शिवी घातली.

मधल्या एका थांब्यावर म्हातारीने विचारलं, "तू रोज असाच चालवतोस का लोकांना?"

"नाही आजी. रोज पळवतो."

ती हसली असं नाही म्हणता येणार, पण तिच्या बोटांची पकड थोडी सैल झाली. वर पोचल्यावर त्याने तिला बसच्या थांब्यापर्यंत नेलं, खिडकीजवळ बसवलं, कंडक्टरला उतरायचं ठिकाण सांगितलं आणि मग परत येऊन जिना सुरू केला.

विनाकारण जिना अकरा मिनिटं बंद ठेवल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली. त्याने न वाचता सही केली. त्यानंतर महिन्याभराने अर्ज करून त्याने कारखान्यात बदली मागून घेतली. तिथे जुन्या जिन्यांच्या पायऱ्या खोलून, घासून पुन्हा बसवतात. माणसं नसतात, फलाट नसतो. पगार तेवढाच. बायको म्हणाली, "वंगणाचा वास मात्र दुप्पट येतो."

अधूनमधून रविवारी तो म्हातारीकडे जातो. कधी नळाचा वायसर बदलतो, कधी खिडकीची कडी. मशिनं गेल्यापासून बाहेरची खोली मोठी वाटते. भिंतीवर तो अर्धा चेहरा उन्हातला फोटो आहे. सून जाताना तो ठेवून गेली.  एकदा म्हातारीने विचारलं, "तिच्याकडे जाऊन येशील? म्हणावं, रागात बोलले." मिस्त्री गेला. सून भावाच्या घरी मागच्या खोलीत मशिनवर बसली होती. निरोप ऐकून तिने पाय थांबवला, दोरा तोडला.

"येईन म्हणावं," ती म्हणाली. "आत्ता नाही."

त्याला आता दोन वर्षं होतील. ती अजून आलेली नाही. म्हातारी दर वेळी दार उघडताना आधी मिस्त्रीच्या मागे जिन्याकडे बघते, आणि मग त्याला आत घेते.